वाचाचिकित्सेच्या विद्यालयाची वाट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आमच्या मनात प्रथम आली ती भोसल्यांची राजवट, मग १८७० साली याच जबलपुरात जुळलेले मुंबई आणि कलकत्ता येथील लोहमार्ग, आणि १९५६ पूर्वीचे ते दिवस, जेव्हा आपली राजधानी नागपूर होती. या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळी या अंकात लिहीत आहेतच. म्हणून आम्ही एका अगदी तरुण विद्येचा इतिहास निवडला आहे. तिला इंग्रजीत ‘स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी’ म्हणतात. आपण तिला वाचाचिकित्सा म्हणू. गेल्या दहा-बारा वर्षांत राइट टाउन आणि नेपियर टाउन येथील आमच्या ओळखीच्या मराठी घरांतील चार मुलींनी या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केले. प्रत्येक घरात वडीलधाऱ्यांचा प्रश्न एकच होता : ‘मुलाला बोलायला शिकवायचे, त्याला एम.एस्सी. कशाला? आमची आजी ते करीतच होती की!’

प्रश्नात तथ्य आहे. बाळगुटीत वेखंड उगाळून देण्याची चाल आपल्या घरोघरी होती, आणि वेखंडाचे संस्कृत नावच मुळी ‘वचा’. वाणी स्पष्ट व्हावी म्हणून ते मधातून चाटवीत. जीभ जड वाटली तर अक्कलकारा जिभेला चोळीत. उपायांची ही गोष्ट झाली. शास्त्र म्हणावे तर शिक्षा नावाच्या वेदांगाने उर, कंठ, शिर, जिव्हामूल, दंत, नासिका, ओष्ठ आणि तालू अशी उच्चाराची आठ स्थाने फार प्राचीन काळी सांगून ठेवली. आपली वर्णमाला उच्चारस्थानांच्या क्रमाने रचलेली आहे : क कंठातून निघतो, आणि ओळी पुढे सरकत सरकत प-वर्गात ओठांवर येऊन थांबतात. एवढी शास्त्रशुद्ध वर्णमाला फार थोड्या भाषांना लाभली आहे. तथापि पाठशाळेत अशुद्ध उच्चार करणाऱ्या बटूला फटका बसे. तो तसा का उच्चारतो, त्याला नीट ऐकू येते की नाही, हे पाहण्याची रीत नव्हती. ‘का’ हा प्रश्न विचारला गेला तो विसाव्या शतकात, आणि आपल्यापासून फार दूर.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९२४ साली ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांनी डॉक्टरेट मिळविली. वाणीच्या विकारांवर काम करण्यासाठी डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण घेतलेले ते पहिले गृहस्थ मानले जातात. पुढच्याच वर्षी, १९२५ साली, या क्षेत्रातील मूठभर मंडळींनी तेथे आपली संघटना काढली. तिची सदस्यसंख्या आज दोन लाखांच्या पुढे गेली आहे. आयोवातच वेंडेल जॉन्सन हे दुसरे मोठे नाव. हे स्वतः तोतरे बोलत, आणि त्यांनी सारे आयुष्य तोतरेपणाच्या अभ्यासास वाहिले. इंग्लंडात राजे सहावे जॉर्ज यांची अडखळणारी वाणी लायनेल लोग यांनी सावरली, ती कथा चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक आहे. तेथील वाचाचिकित्सकांचे महाविद्यालय १९४५ साली स्थापन झाले, आणि संस्थापकांत लोग हेही होते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांपैकी कोणाच्या मेंदूला इजा झालेली होती, कोणाचे कान तोफांनी बधिर झाले होते. त्यांच्यासाठी सरकारी तिजोऱ्या उघडल्या आणि ही विद्या झपाट्याने वाढली. १९६० च्या दशकापासून अमेरिकेत या व्यवसायाच्या प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर शिक्षण ही अटच झाली. आजीच्या वेखंडापासून एम.एस्सी.पर्यंतचा प्रवास हा असा झाला.

येथे या विद्येच्या एका चुकीची नोंद करणे अगत्याचे आहे, कारण तिची झळ परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना अजूनही लागते. १९३७ साली ट्रॅव्हिस, जॉन्सन आणि त्यांची एक सहकारी यांनी अमेरिकेतील ईस्ट शिकागो या कारखान्यांच्या गावी शाळेतील जवळजवळ पाच हजार मुलांची पाहणी केली. घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांत तोतरेपणाचे प्रमाण थोडे अधिक आढळले. ही मुले बहुतांशी नव्याने आलेल्या, गरीब मजूर कुटुंबांतील होती. घरातील विवंचनेचा भाग किती आणि दोन भाषांचा किती, हे त्या पाहणीतून वेगळे काढता येण्यासारखे नव्हते. परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते एकच : दोन भाषा म्हणजे जिभेवर भार. या समजुतीला पुढे धक्के बसत गेले. १९६२ साली माँट्रियल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा उत्तम जाणणारी मुले एकभाषी मुलांहून सरसच ठरली. त्यानंतरच्या संशोधनाने, दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे लांबत नाही, असा निर्वाळा पुनःपुन्हा दिला. तथापि शाळेच्या वर्गापर्यंत आणि दवाखान्याच्या ओसरीपर्यंत हा निर्वाळा पोचायला फार वेळ लागतो.

आमच्याच वस्तीतील उदाहरण सांगतो. एका मराठी कुटुंबातील मुलगा तीन वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडून बोलेना. एका शाळेतील बाईंनी आईवडिलांना सल्ला दिला की, घरात मराठी बंद करा, मुलाचा गोंधळ होतो आहे. सुशिक्षित आईवडिलांनी तो शिरोधार्य मानला. घरात आजी होती, तिचे सारे आयुष्य वऱ्हाडात गेलेले आणि हिंदी जेमतेम येणारी. ती नातवाशी बोलेनाशी झाली, कारण तिच्यापाशी परवानगी असलेली भाषाच नव्हती. अंगाई गेली, काऊचिऊचा घास गेला. वर्षभर हा प्रकार चालला आणि मुलाच्या बोलण्यात तसूभर फरक पडला नाही. पुढे सुटीत त्याला मुंबईस नेले असता वाचाचिकित्सक मुलीने आधी त्याचे कान तपासावयास सांगितले. कानाच्या पडद्यामागे पाणी साठले होते, आणि त्याला धड हिंदीही ऐकू येत नव्हती. उपचार झाले आणि मुलगा बोलू लागला. आजी मात्र तोवर निवर्तली होती. अशा वेळी कान आधी तपासावेत, हे सांगणारे माणूस शिकलेले लागते, ‘एम.एस्सी. कशाला’ या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर हेच.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत १८८५ साली निघाली. पण ही शाळा झाली. चिकित्सक घडविणारे विद्यालय निघण्यास आणखी ऐंशी वर्षे जावी लागली. १९६० च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात श्रवण आणि वाचा-उपचारांचे शिक्षण सुरू झाले. या जागेची कुळकथा वाचनीय आहे. हे महाविद्यालय १९२१ साली असहकाराच्या वाऱ्यात ‘राष्ट्रीय’ म्हणून जन्मले. डॉ. नायर यांनी १९२५ साली आपल्या आईच्या, बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर यांच्या, नावाने रुग्णालय उभारले. टोपीवाला देसाई या कोकणातील घराण्याच्या देणगीने महाविद्यालयास आजचे नाव मिळाले, आणि १९४६ साली मुंबई महापालिकेने सारा कारभार हाती घेतला. एका आईचे नाव, एका मराठी घराण्याचा पैसा आणि मुंबईच्या करदात्यांचा खर्च, अशा घरात ही विद्या भारतात प्रथम रांगू लागली.

जवळपास त्याच सुमारास, ९ ऑगस्ट १९६५ रोजी, केंद्र सरकारने मैसूर येथे अखिल भारतीय संस्था सुरू केली. आरंभी तिचे नाव ‘इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स’ होते. अमेरिकेत विचिटा येथे मार्टिन पामर यांनी १९३४ साली काढलेल्या संस्थेच्या नावातही हाच ग्रीक शब्द होता. तो आपल्याकडे कोणाच्या जिभेवर बसेना म्हणा किंवा अन्य कारण असो, लवकरच त्याजागी ‘स्पीच अँड हिअरिंग’ असे सुटसुटीत नाव आले. १९६६ साली राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते मानसगंगोत्री परिसरात इमारतीची कोनशिला बसली. अठरा वर्षांनी, पुन्हा ९ ऑगस्टलाच, १९८३ साली, मुंबईत वांद्रे येथे दुसरी राष्ट्रीय संस्था निघाली. तिला महाराष्ट्राचे दिवंगत राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव दिलेले आहे. १९९२ साली संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय करण्यास मज्जाव झाला. पदवी चार वर्षांची, त्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. त्यावर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, असा आजचा क्रम आहे. बारावीस विज्ञान शाखा लागते. आमच्यासारख्या बी.ए. झालेल्यांना या दारातून प्रवेश नाही, याची आम्हांस खंत वाटते. कारण भाषा हा ज्याचा विषय, त्याला रसायनशास्त्राइतकीच व्याकरणाचीही गरज आहे, असे आमचे मत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५० च्या दशकात भाषाशास्त्राची उन्हाळी शिबिरे भरत. अशोक केळकर यांनी १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. मराठी मुलाचे बोलणे तपासणाऱ्याला आधार लागतो तो अशा कामाचा.

जबलपूरला या विद्येची गरज काही आजची नाही. १९०४ सालची तोफगाड्यांची फॅक्टरी आणि दुसऱ्या महायुद्धातील खमरियाची दारूगोळा फॅक्टरी यांत आपल्यापैकी कितीतरी घरांतील माणसांनी तीस-तीस वर्षे चाकरी केली. निवृत्तीनंतर ती रेडिओ मोठ्याने लावीत आणि घरचे त्यांना ‘हट्टी’ म्हणत. आवाजाने गेलेले कान हा विकार आहे, स्वभाव नव्हे, हे सांगणारे कोणी गावात नव्हते. वैद्यकीय महाविद्यालय १९५५ सालचे. तेथे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, पण शस्त्रक्रियेनंतर बोलणे शिकविणारा माणूस शोधावा लागे. या शतकाच्या पहिल्या दशकात मैसूरच्या संस्थेने काही शहरांत श्रवण, भाषा आणि वाचा यांचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, त्यात जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाची निवड झाली. मैसूरचा प्राध्यापक पडद्यावर शिकवी आणि जबलपूरची मुले येथे बसून शंका विचारीत. ज्या गावात दूरसंचाराचे प्रशिक्षण देणारी जुनी केंद्रीय संस्था आहे, त्या गावाला हे शोभलेही. परंतु पदविका म्हणजे साहाय्यकाचे शिक्षण. पदव्युत्तर शिक्षणासाठी आमच्या मुलींना मुंबई वा मैसूर गाठावे लागले. मैसूरला गेलेल्या मुलीला पहिल्या वर्षी वेगळाच अनुभव आला. चिकित्सालयात येणारी मुले कानडी बोलणारी, तेव्हा त्यांना शिकविण्याआधी तिलाच त्यांच्याकडून कानडी शिकावी लागली.

परदेशी अर्ज करणाऱ्या मुलींचे कागद आमच्या नजरेखालून जात, ते आमच्या हुद्द्यामुळे. २०१३-१४ च्या सुमारास स्वयंसाक्षांकनाची सोय होईपर्यंत गुणपत्रकांच्या नकला राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्याव्या लागत. रविवारी सकाळी वस्तीतील मुले पिशवी घेऊन आमच्या व्हरांड्यात बसत, आणि सह्या करता करता आम्ही सारे वाचून काढीत असू. ती सवय पुढेही राहिली. आता सहीची गरज नाही, तरी कागद दाखवावयास मुले येतात. जुन्या काळी माहितीपत्रक मागविण्यासाठीच हवाई टपालाचे पत्र टाकून दीड-दोन महिने थांबावे लागे. आज अर्ज संगणकावर भरला जातो, पण मागणी कमी झालेली नाही. पदवीच्या सर्व विषयांचे मूल्यमापन, तीन शिफारसपत्रे, इंग्रजीची परीक्षा हे सारे असतेच. अनेक विद्यापीठांनी २०२० नंतर जीआरईची अट काढून टाकली, तेवढाच दिलासा. अमेरिकेत प्रमाणपत्रासाठी एकूण ४०० तासांचा चिकित्सानुभव लागतो. त्यांपैकी २५ तास दुसऱ्याचे काम बसून पाहण्याचे आणि ३७५ तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे. म्हणून येथील पदवीत केलेल्या प्रत्येक तासाची सहीशिक्क्यानिशी नोंद ठेवणाऱ्या मुलीचे पुढे बरेच श्रम वाचतात. पालकांनी कर्जाचा आकडा आधी मांडून पाहावा, हेही ओघाने सांगून ठेवतो. दोन वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च मिळून राइट टाउनातील एखाद्या जुन्या घराच्या वाटणीवर येऊ शकतो.

अर्जातील सर्वांत अवघड कागद म्हणजे ‘आपण या विद्येकडे का वळलात’ याचे निवेदन. आमच्याकडे आलेली निवेदने पाहून आम्हांस प्रथम हसू आणि मग वाईट वाटे. मानवतेची सेवा, लहानपणापासूनचे स्वप्न, हेलन केलर! अशी वाक्ये कोणत्याही गावच्या कोणत्याही मुलीला लिहिता येतात. आपल्या घरातले जे कोणाकडेच नाही, ते या मुली लपवून ठेवीत. एकीने आपली मातृभाषा मराठी हे अर्जात घालावे की नाही, असे विचारले. हिंदी प्रांतात मराठी बोलणे म्हणजे इंग्रजी कच्चे, असा परीक्षकांचा समज होईल, अशी तिला धास्ती होती!

वस्तुतः आमच्या मुलांची जीभ हा या विद्येचा चालता-बोलता पाठच आहे. चुलीतला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळे, हे पुण्याच्या मुलाला न शिकता येते. येथे वाढलेली मुले दोन्ही एकाच ‘च’ ने भागवितात. ‘बाळ’ त्यांच्या तोंडी ‘बाल’ होतो, कारण भोवतालच्या हिंदीत ‘ळ’ नाही. सुटीत नागपूरला गेले की मामेभावंडे त्यांना बोबडी म्हणून चिडवितात. हा विकार आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेतील संघटनेने १९८३ साली जाहीर केले की, समाजातील कोणतीही बोली हा वाणीचा विकार मानता येणार नाही. भेद कोणता आणि विकार कोणता, हे ओळखणे हाच या व्यवसायाचा अर्धा भाग आहे. परदेशी चाचण्या आपल्याकडे तशाच वापरल्या तर निम्मा वर्ग रोगी ठरेल. म्हणूनच मुंबई आणि मैसूर येथील विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधांतून भारतीय भाषांसाठी निराळ्या चाचण्या बसविण्याचे काम केले. हे काम संपलेले नाही, आणि ते मराठी येणाऱ्यावाचून होणारही नाही.

भाषेचा हा प्रश्न मुलांपुरता नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त लेखाधिकारी राहत. कचेरीत त्यांनी चाळीस वर्षे इंग्रजी लिहिली, बाजारात हिंदी बोलली आणि घरात मराठी. पक्षाघाताचा झटका आला आणि तिन्ही भाषा गेल्या. अशा रुग्णांच्या सर्व भाषा सारख्या वेगाने परतत नाहीत, हे फ्रान्सचे डॉक्टर आल्बेर पित्र यांनी १८९५ सालीच लिहून ठेवले आहे. जी अधिक वापरातली ती आधी परतते, असे त्यांचे म्हणणे होते. बालपणीची आधी परतते, असे दुसऱ्यांचे. या गृहस्थांना पाणी मागता येत नसे, पण कोणी सुरुवात करून दिली की अथर्वशीर्ष शेवटपर्यंत म्हणत. घरच्यांना हा दैवी चमत्कार वाटे. वाचाचिकित्सा सांगते की, पाठ केलेले म्हणणे आणि मनातले नवे वाक्य जुळविणे ही मेंदूची वेगवेगळी कामे आहेत. पहिले शाबूत राहून दुसरे जाऊ शकते. आमच्या चार मुलींपैकी एक तेव्हा पदवीचे शेवटचे वर्ष आटोपून घरी आली होती आणि परदेशी अर्जाच्या तयारीत होती. ती रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसे. स्तोत्रावरून ती पाढ्यांवर आली, बे एके बे पासून. पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबून ‘काका, चहा किती कप?’ असे विचारी. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पाढा सोडून ‘दोन’ म्हटले. हिंदीत विचारले असता ते नुसतेच पाहत राहत.

तिने आपल्या निवेदनात मानवतेची सेवा खोडून हे पाढे लिहिले. बे एके बे म्हणजे काय हे अमेरिकन प्राध्यापकांना कसे कळावे, म्हणून दोन ओळी खुलाशाच्या घातल्या, एवढेच. दोन विद्यापीठांनी प्रवेश दिला. जेथे फीमध्ये सवलत मिळाली तेथे ती गेली. सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या चिकित्सालयात मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांची मुले येतात. त्यांच्या आयांना कोणीतरी घरात स्पॅनिश बंद करा असे सांगितलेले असते. म्हणून आमची ही जबलपूरकर मुलगी रात्री जागून स्पॅनिशचे अंक पाठ करीत आहे, असे परवाच तिच्या आईकडून कळले.